सहा कागदांची गादी

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली होती. अडकली म्हणजे आम्हीच अडकवली होती, तपासणीसाठी. मी तिच्या टपावर उकिडवा बसलो होतो. टॉर्च काढायला पँटच्या खिशात हात घातला आणि बोटांना टॉर्चच्या आधी कागद लागले. मऊ, किंचित खरखरीत, चौकोनी, एकावर एक ठेवलेले. पावत्या नव्हेत, रुमाल नव्हे. बोटांनी ते मोजायला घेतले तेव्हा डोक्याला अजून काहीच कळलं नव्हतं. सहा. सहाच असायला हवे होते आणि सहाच होते, फक्त ते माझ्या खिशात असायला नको होते. काल संध्याकाळी सात वाजल्यापासून ते घरकोंबडीच्या पोटात असायला हवे होते. काय सापडलं साहेब, असं शेजारून ग्रीसमामाने विचारलं. हा आमचा मेकॅनिक. त्याचे हात कधी कोरडे कुणी पाहिलेले नाहीत म्हणून ऑफिसात सगळे त्याला ग्रीसमामाच म्हणतात. मी म्हणालो, काही नाही, साधे कागद आहेत. वीस वर्षांत दोर, ब्रेक आणि दरवाजे यांच्याबाबत मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो, कागदाबाबत बोललो. साधेच आहेत ना, मग द्या की एक, असं म्हणत त्याने वरचा कागद उचलला, दोन्ही हात पुसले आणि बोळा करून खाली अंधारात टाकून दिला. आता पाच उरले.

घरकोंबडी हे आमच्या रॉकेटचं नाव. आमच्या घरात गेली नऊ वर्षं रॉकेटं बनतात, इतर घरांत लोणची किंवा स्वेटर बनावेत तशी. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, वर टोपी, आणि बुडाशी दुकानात मिळणारं बोटाएवढं इंजिन. बटण दाबलं की सगळं प्रकरण आपण तोंड उघडून बंद करेपर्यंत दोनशे मीटर वर जातं. मग इंजिन काही सेकंद गप्प बसतं आणि शेवटचा एक बार काढतं, पण तो खाली नाही, वर, नळीच्या आत. त्या बारानं टोपी उडते, टोपीमागोमाग प्लास्टिकची छत्री बाहेर पडते, उघडते, आणि रॉकेट डुलत डुलत खाली येतं. तो बार गरम असतो. छत्री आणि बार यांच्या मधे न जळणारे सहा कागद चुरगाळून ठेवावे लागतात. आमच्या घरात त्याला गादी म्हणतात. गादी नसली तर छत्रीचा आतल्या आत गोळा होतो आणि रॉकेट जसं गेलं तसंच परत येतं, नाक खाली करून, थेट. छत्री आणि गादी घालणं हे नऊ वर्षं माझं खातं आहे. आणि आज टोपीच्या आत कापसात गुंडाळलेलं एक कच्चं अंडं होतं.

अंड्याची कल्पना टाचणीची. टाचणी म्हणजे आमची मुलगी, वय अठरा. बारीक आहे आणि नेमकं टोचतं तिथे बोलते, म्हणून हे नाव तिला चौथीत पडलं आणि तिने ते आनंदाने लावून घेतलं. आपण नेहमी वर किती गेलं तेच मोजतो, ती म्हणाली होती, या वेळी खाली कसं आलं ते बघू. आतापर्यंतची रॉकेटं आम्ही सगळ्यांनी मिळून भांडून भांडून केली. हे एकटं तिचं. तीन महिने जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या ताब्यात होता आणि आम्ही चौघं उरलेल्या अर्ध्यावर ताटं सरकवत जेवत होतो. तेरा आराखडे झाले. नाव घरकोंबडी ठेवलं, कारण काही झालं तरी ते घरी परत आलं पाहिजे. आणि टाचणी स्वतः नऊ दिवसांनी शिकायला दुसऱ्या शहरात जायची होती. नाव ठेवताना ही गोष्ट टेबलावरच्या प्रत्येकाच्या लक्षात आली होती आणि प्रत्येकाने मीठ मागितलं होतं. म्हणजे आजचं उड्डाण हे शेवटचं. पुढे कधीतरी सुट्टीत येईल, उडवू, असं सगळे म्हणत होते, पण सुट्टीत आलेली मुलं झोपतात हे मला माहीत आहे. तिच्या डोक्यात बाप म्हणून जे काही चित्र जाणार होतं त्यावर आज चार वाजता शेवटचा हात फिरणार होता, आणि त्या चित्रात मी तिचं रॉकेट खाली पाडणार होतो. पाच कागद मुठीत धरून मी लिफ्टच्या टपावर बसलो होतो, आणि ग्रीसमामा विचारत होता की साहेब, बरं नाही का वाटत.

बरं वाटत नव्हतं. आता मी म्हणजे कोण हे सांगायला हवं, नाहीतर यात एवढं काय, फोन करून सांगायचं गादी राहिली म्हणून, असं कुणीही म्हणेल. मी लिफ्टचा तपासनीस आहे. या शहरातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये चढा, बटणांच्या वर काचेखाली एक कार्ड असतं, त्यावर तारीख असते, 'तपासले' असं लिहिलेलं असतं आणि खाली सही असते. शंभरातल्या चाळीस ठिकाणी ती माझी. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसोबत उभं असताना वाचायला दुसरं काहीच नसल्यामुळे माझी सही रोज हजारो लोक वाचतात. म्हणजे बघतात. वाचता येत नाही, कारण ती सही म्हणजे मेलेला डास आहे, असं माझी बायको म्हणते, आणि खरंच आहे ते. पण डास का असेना, तो माझा आहे, आणि त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या बायका अकराव्या मजल्यावर जातात. हीच शिस्त मी घरी आणली. रॉकेटच्या पेटीच्या झाकणाला आतून मी एक यादी चिकटवली. उड्डाणाच्या आधी टाचणीने एकेक बाब मोठ्याने वाचायची, ज्याचं काम त्याने 'आहे' म्हणायचं. मोठ्याने, मान हलवलेली चालत नाही. पहिल्यांदा यादी वाचली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, 'इंजिन' हा शब्द तिला तोंडापेक्षा मोठा वाटायचा, आणि मी माझ्या प्रत्येक बाबीला असा खणखणीत 'आहे' म्हणायचो की मैदानातले कुत्रे उठून बसायचे. टोपी आणि नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवून मी तिच्यावर सही करतो, म्हणजे नंतर कुणी उघडलं तर कळावं. गंमत अशी की रॉकेटवरची सही माझ्या हातून फार चांगली येते. चारेक वर्षांपूर्वी एका उड्डाणाच्या सकाळी ते माझ्या प्रथम लक्षात आलं. डासाला पाय, पंख, सगळं जागच्या जागी. प्रेमाचं काम असलं की अक्षरही सुधारतं, असं मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो. ती खोकली होती.

पट्टीची कल्पना मात्र मी उगाच काढलेली नाही. तिचा उगम सासरेबुवांपाशी आहे. सासरेबुवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे नाना, आमच्याकडेच राहतात. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका दमात, दोरी न धरता, सरळ रेष. मग छापील पाट्या आल्या आणि नाना आपले ब्रश घेऊन आमच्या मागच्या खोलीत आले. रॉकेटांना रंग द्यायचं आणि नावं लिहायचं काम साहजिकच त्यांचं झालं, आणि इतकी देखणी रॉकेटं मी तरी कुठे पाहिली नाहीत. पण चार वर्षांपूर्वी एका उड्डाणाच्या सकाळी नानांना टोपी आणि नळी यांच्यामधली फट दिसली. केसाएवढी फट, ती तिथे असायलाच हवी. पण आयुष्यभर पाट्या रंगवलेल्या माणसाच्या डोळ्याला ती सोसवेना. कुणाला न विचारता त्यांनी तिच्यावरून रंगाचा एक सुरेख हात मारला. तो वाळला. वर गेल्यावर बार झाला, पण टोपी उडाली नाही, कारण ती आता नळीला रंगाने पक्की चिकटली होती, आणि रॉकेट सरळ खाली येऊन मैदानाच्या रखवालदाराच्या पत्र्यात घुसलं. पत्र्याखाली रखवालदार नव्हता, त्याचा डबा होता. रखवालदार हसला, टाचणी रडली, आणि मी घरी येऊन पेटीच्या झाकणात, यादीखाली, नियम लिहिले. नियम चार: ज्याच्या हातून उड्डाण बिघडेल त्याने यापुढे खुर्चीवर बसावे. नानांना वाईट वाटू नये म्हणून नाव न घालता मोघम लिहिला, पण घडीची खुर्ची मी दुसऱ्याच दिवशी विकत आणली, त्यामुळे मोघमपणाचा फारसा उपयोग झाला नाही. नियम पाच: पट्टी फोडायची झाल्यास फोडणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावे. चार वर्षं नाना त्या खुर्चीवर बसून उड्डाणं बघतात, रॉकेटपासून वीस पावलांवर, गुडघ्यांवर हात ठेवून. एकदाही कुरकुरले नाहीत. मी त्यांना दर वेळी विचारतो, नाना, ऊन लागत नाही ना. ते म्हणतात, छान दिसतं इथून.

लिफ्ट खाली आणली, कार्डावर सही केली. डासाला एक पाय जास्त आला. मग जिन्याखाली उभा राहून बायकोला फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला होता. माझी बायको दात बनवते, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या कवळ्या. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं हातात धरून बसल्यामुळे तिला माणसाच्या तोंडातून काय बाहेर येऊ बघतंय ते आधीच कळतं, निदान मला तशी भीती वाटते. मी विचारलं, अंडं कसं आहे. ती म्हणाली, अंड्याला काय होणार, बसलंय. मी म्हणालो, वारा जास्त वाटतोय का गं. ती म्हणाली, पान हलत नाहीये. मग ती म्हणाली, अरे, तुला काही सांगायचंय का. मी म्हणालो, येताना काही आणायचंय का ते विचारत होतो. पाव आण, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला, आणि मग वाऱ्याचा आला. वीस वर्षं मी लोकांना बजावत आलो आहे की लपवलेला दोष हा दोष नव्हे, गुन्हा आहे. एका सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मी हे वाक्य इतकं सुनावलं होतं की तो बिचारा त्यानंतर स्वतःच्या घरातली गळकी तोटीसुद्धा मला फोन करून कळवायचा. आणि मी पाव घेऊन घरी चाललो होतो, आभाळाकडे बघत, कुठून एखादा ढग येतो का म्हणून. आभाळ निर्लज्जासारखं स्वच्छ होतं.

चूक नेमकी कशी झाली तेही वाटेत आठवलं, आणि आठवून काही फायदा झाला नाही. काल संध्याकाळी छत्रीला पावडर लावून मी घडी घातली, पाकिटातून सहा कागद मोजून काढले, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला की कुठेतरी एक माणूस आणि त्याची सायकल लिफ्टमध्ये अडकली आहे. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्या हाताने कागद खिशात सारले, आणि त्या माणसाला सायकल उभी करून तिच्यावर चढू नका असं समजावता समजावता छत्री नळीत घातली, टोपी बसवली, पट्टी चिकटवली, सही केली. सही करताना मला फार समाधान वाटत होतं. त्या सायकलवाल्याला मी सोडवलं होतं. माणूस एका वेळी दोन कामं करतो तेव्हा त्याला आपण दुप्पट हुशार आहोत असं वाटतं, आणि तेच वाटणं खिशात कागद ठेवून जातं.

अजून एक युक्ती होती, ती मी मैदानाकडे जाताना गाडीत करून पाहिली. रॉकेट नेहमी माझ्या मांडीवर असतं, बायको गाडी चालवते, मागे टाचणी आणि नाना, नानांच्या पायांशी खुर्ची. पट्टी पातळ कागदाची. गाडीला एखादा धक्का बसला, माझा अंगठा सटकला आणि पट्टी फाटली, तर अरेरे म्हणायचं, आता उघडलंच आहे तर पुन्हा एकदा बघून घेतो म्हणायचं, आणि हात आत घालायचा. पाच तर पाच, पाचांवर भागेल. मी अंगठा पट्टीपाशी नेऊन ठेवला आणि खड्ड्याची वाट बघू लागलो. नऊ वर्षांत या रस्त्याने आमची हाडं खिळखिळी केली होती. आज तो नव्याने केलेला निघाला. एक गतिरोधक आला तेव्हा मी अंगठा दाबणार, एवढ्यात मागून टाचणी शांतपणे म्हणाली, "बाबा, अंगठा." मी अंगठा उचलला. आरशात मला नाना दिसले. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखता न येणारं काहीतरी होतं. मी नजर खाली वळवली. पट्टीवर माझी सही होती. काल मी इतकी छान सही केली होती, एका हातात फोन असताना, याचं मला त्या अवस्थेतही कौतुक वाटलं.

मैदान मोठं आहे, एका बाजूला बंद पडलेला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला रखवालदाराची खोली, तिच्या पत्र्यावर आमचं ठिगळ. काठीला बांधलेलं वाऱ्याचं कापड मेल्यागत लोंबत होतं. टाचणीने स्टँड रोवला, दांडीवर घरकोंबडी चढवली, तारा जोडल्या. तिचे हात भरभर चालत होते आणि मी ते बघत होतो. हे हात मी पहिल्यांदा कात्री धरताना पाहिले होते, तेव्हा मी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून कापलं होतं आणि दोघांनी मिळून पंख उलटा कापला होता. नाना खुर्ची उघडून वीस पावलांवर जाऊन बसले. मी ऊन लागत नाही ना असं विचारायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. मला आज पहिल्यांदाच कळत होतं की खुर्चीवर बसायला जाताना त्या माणसाला ती वीस पावलं किती लांब वाटली असतील. आणि लगेच, नालायकासारखं, मला हेही वाटलं की अजून बोललो नाही तर कदाचित निभावेल. वीस-पंचवीस उड्डाणांत एखाद्या वेळी गादीशिवायही छत्री उघडत असेल. असतातच असे दोर, जे तुटायला हवेत पण तुटत नाहीत.

टाचणी पेटीचं झाकण उघडून यादी वाचू लागली. पाठ आहे तिला, पण ती बघूनच वाचते, कारण नियमच तसा आहे. "पंख?" बायको म्हणाली, "आहेत." "इंजिन?" "आहे." "अंडं?" असं विचारून तिने स्वतःच "आहे" म्हटलं, आणि तिच्या आवाजात थोडं हसू होतं. "छत्री?" "आहे," मी म्हणालो. ते खरंच होतं, छत्री होती. "गादी?"

कारखान्याच्या भिंतीवर एक कबुतर चालत होतं, ते थांबल्यासारखं वाटलं. टाचणीने मान वर केली नाही, नुसतं पुन्हा वाचलं, "गादी?" आणि त्या वेळी मला ती नऊ वर्षांची दिसली, झाकणात डोकं घातलेली, माझ्या 'आहे'ची वाट बघणारी. त्या मुलीशी मला खोटं बोलता आलं नाही. मी शूर वगैरे झालो असं नाही. जीभच वळली नाही.

"नाही," मी म्हणालो. "खिशात आहे." आणि पाच कागद काढून दाखवले. "सहावा ग्रीसमामाने हात पुसायला घेतला." हे सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना, सायकलवाला सांगितला, पाव सांगितला, अंगठा सांगितला. पट्टी फोडायचं कारण मी नियम पाचप्रमाणे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगत होतो, आणि रखवालदारही खोलीबाहेर येऊन ऐकत होता. शेवटी म्हणालो, "उघडा ते. माझं चुकलं."

टाचणी बायकोकडे बघत होती, बायको तिच्या वडिलांकडे, आणि नाना स्वतःच्या बुटांकडे. मग टाचणी म्हणाली, "बाबा, आहे आत."

मला वाटलं ती मला सांभाळून घेतेय. मी पुढे होऊन पट्टी फोडली, टोपी काढली, छत्री बाजूला केली. आत सहा कागद होते. चुरगाळलेलेसुद्धा नीट, प्रत्येक कागदाच्या कडा आत वळवलेल्या, एका मापाच्या. अशा कडा मला या जन्मात जमणार नाहीत. मी फाटलेल्या पट्टीचे दोन तुकडे जुळवले आणि सहीकडे पाहिलं. डासाचे पाय, पंख, सगळं जागच्या जागी. दोरी न धरता, एका दमात ओढलेली रेष. ते अक्षर मी गेली चार वर्षं माझं समजत होतो.

मग एकेक करून बाहेर आलं. नानांना पट्टीवाल्या पहिल्याच उड्डाणाच्या सकाळी टेबलाखाली गादीचं पाकीट न फोडलेलं सापडलं होतं. मी अंघोळीला गेलो होतो, आणि माझी अंघोळ लांबते. त्यांनी पट्टी काढली, गादी घातली, नवी पट्टी लावली आणि पाटी उतरवून घ्यावी तशी माझी सही उतरवली. तेव्हापासून दर उड्डाणाच्या सकाळी मी अंघोळीला गेलो की रॉकेट उघडायचं, बघायचं, बंद करायचं. किती वेळा राहिलं होतं, मी विचारलं. नाना म्हणाले, मोजलं नाही. टाचणी म्हणाली, सात. तिने त्यांना दुसऱ्याच वेळी पकडलं होतं, आणि तेव्हापासून ती दाराशी उभी राहून माझ्या बादलीच्या आवाजाकडे कान ठेवायची. आणि तू, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुझं अक्षर एका रात्रीत सुधारलं तेव्हाच मला कळलं. मी खोकले होते की."

मी भडकलो. खरं म्हणजे मला बसायचं होतं, पण बसायला जागा नव्हती म्हणून भडकलो. मग मला सांगितलं का नाही, मी टाचणीला विचारलं, चार वर्षं मी इथे उभा राहून मोठमोठ्याने 'आहे' म्हणतोय, आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं की मी विसरतो.

"तू विसरतोस ते माहीत होतं," ती म्हणाली. "पण तू 'आहे' म्हणतोस ना, ते मला ऐकायचं असतं. ते ऐकल्याशिवाय मला बटण दाबता येत नाही." आणि पटकन खाली वाकून ती तार तपासू लागली, जिला काहीही झालेलं नव्हतं.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. लाज वाटली, ती तर वाटलीच, पायाच्या नखापासून. पण तिच्या खाली काहीतरी मऊ होतं, आणि मी पडलो तो तिथे पडलो. मी पेटीपाशी गेलो, खिशातून पेन काढलं आणि नियम चार खोडला. मग नानांच्या खुर्चीपाशी जाऊन ती पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हणालो, "नाना, नियमात दुरुस्ती केली की सही लागते. तुम्हीच करा. माझी तुमच्या हातून जास्त चांगली येते."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "ती फट मात्र अजून मला बघवत नाही हां." आणि त्यांनी सही केली, एका दमात. मग मी त्यांना हात देऊन उठवलं, बटणाचा डबा आणि जी फिरवल्याशिवाय बटण चालत नाही ती चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, तुम्ही टाचणीजवळ उभे राहा. ते म्हणाले, आणि तुम्ही. मी म्हणालो, मी बसतो जरा. टाचणीने टोपी बसवली, नवी पट्टी कापून चिकटवली, आणि तिच्यावर कुणीही सही केली नाही. "गादी?" तिने खुर्चीच्या दिशेने विचारलं. "आहे," मी म्हणालो. कुत्रे उठले.

नानांनी चावी फिरवली, टाचणीने बटण दाबलं. फस्स असा आवाज झाला आणि दांडी रिकामी झाली. आता एक गोष्ट कबूल करतो, आजचा दिवसच तसा आहे: छत्री उघडायच्या वेळी मी नेहमी डोळे मिटतो. नऊ वर्षं मिटत आलो आहे. बार ऐकू येतो, लोक टाळ्या वाजवतात, मग मी डोळे उघडून, बघा, म्हटलं नव्हतं का, असं म्हणतो. उभ्या माणसाला ते जमतं, कुणाचं लक्ष जात नाही. पण खुर्ची मागे कललेली असते, तीत बसल्यावर तोंड आपोआप आभाळाकडे होतं, आणि मी डोळे मिटायचं विसरलो. खूप वर एक बारीक धुराचा ठिपका उमटला, त्यातून काहीतरी सुटलं, आणि लाल-पांढरी छत्री हळूच उघडली. आवाज नंतर आला. नाना म्हणायचे ते खरं होतं, छान दिसतं इथून. छत्री निवांत डुलत कारखान्याच्या बाजूला सरकू लागली, आणि टाचणी तिच्याखाली धावत सुटली, मैदान ओलांडून, लांब लांब, बारीक होत, इतकी बारीक की एखाद्या क्षणी ती दिसेनाशी होईल असं वाटलं. मला उठून सांभाळून जा असं ओरडायचं होतं, पण त्या खुर्चीतून चटकन उठता येत नाही, तशीच ती मी बघून आणली होती.

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात रॉकेट होतं आणि दुसऱ्या हातात अंडं, अख्खं, कापसाचे तंतू चिकटलेलं. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं. मी खिशातले पाच कागद काढले, त्यात अंडं गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. बायको म्हणाली, घरी जाईपर्यंत विसरशील आणि वाकशील. नाना म्हणाले, मी बघतो.

यादीत उड्डाणानंतरची एकच बाब आहे, सगळ्यात शेवटची. पहिल्या वर्षी एकदा आवराआवरीत आम्ही नानांना मैदानातच विसरून अर्ध्या रस्त्यात गेलो होतो, तेव्हा मी ती घातली. सामान गाडीत भरून झालं, खुर्ची मिटली. टाचणीने झाकण उघडलं, आणि या खेपेला ते नुसतंच हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली. आत बघायची तिला गरज नव्हती, आणि ती बघतही नव्हती.

"माणसं?" तिने विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं, ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. नानांकडे पाहिलं, त्यांचं लक्ष माझ्या खिशाकडे होतं. मग तिच्याकडे पाहिलं, नीट, पायांपासून डोक्यापर्यंत, एकेक दोर, एकेक दरवाजा तपासावा तसं. हे उत्तर अजून नऊ दिवस खरं होतं. आत्ता तर खरंच होतं.

"आहेत," मी म्हणालो, आणि ती गाडीत बसेपर्यंत दार धरून उभा राहिलो.